यंत्र म्हणतं, पाणी नाही

नाशिकची द्राक्षं न्हावा शेव्याच्या बंदरात पोचतात तेव्हा त्यांचा थाट बघण्यासारखा असतो. प्रवासाला चाळीस फुटी पांढरी वातानुकूलित पेटी, आत शून्य अंशाच्या आसपास तापमान, हवा मोजून, ओलावा मोजून. या पेटीला बंदरावर सगळे रीफर म्हणतात. रीफरच्या पोटात हल्ली एक मोडेम असतो. आतली हवा किती थंड आहे, कॉम्प्रेसर नीट चालतोय ना, वीज कधी गेली आणि कधी आली, हे सगळं तो जमिनीवर मोबाइल टॉवरमार्फत आणि भर समुद्रात उपग्रहामार्फत कळवत राहतो. मर्स्क कंपनीने 2017 साली ही माहिती माल पाठवणाऱ्यांनाही दाखवायला सुरुवात केली, तेव्हा तिच्या सुमारे 2 लाख 70 हजार रीफरमध्ये ही सोय बसलेली होती. अरबी समुद्राच्या मधोमध, रात्री अडीच वाजता द्राक्षांना जरा कणकण आली तरी ती किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला कळते. मग जहाजावरच्या माणसाला निरोप जातो आणि तो पाना घेऊन पेटीकडे निघतो.

आता बंदराच्या कुंपणाबाहेर या. उलवे, द्रोणागिरी, जासई, नवघर. अटल सेतूचं उद्घाटन 12 जानेवारी 2024 ला झालं, त्याच दिवशी लोकल उरणपर्यंत पोचली आणि इथल्या फ्लॅटच्या माहितीपत्रकांत ‘स्मार्ट होम’ हे शब्द पार्किंगच्याही वर छापले जाऊ लागले. त्या स्मार्ट होमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर पाणी शुद्ध करणारं यंत्र आहे. त्याच्याही पोटात मोडेम आहे. त्यालाही कणकण येते. ते लाल दिवा लावतं आणि घरातल्या चार मोबाइलवर एकाच वेळी संदेश धाडतं: ‘कृपया आपल्या उपकरणाकडे लक्ष द्या.’

चारही जण लक्ष देतात. यंत्राकडे बघत उभे राहतात. यंत्र त्यांच्याकडे बघतं. इतकं मोघम उत्तर गावातला भगतसुद्धा देत नाही. तो कोंबडा तरी मागतो.

द्राक्षांच्या पेटीत आणि भिंतीवरच्या यंत्रात तांत्रिक फरक फारसा नाही. सेन्सर, मोडेम, सर्व्हर आणि पडद्यावरचा लाल ठिपका, हे दोन्हीकडे सारखंच. फरक आहे तो लाल ठिपक्यानंतर काय होतं त्यात. रीफरचा ठिपका लाल झाला की पाना निघतो. घरातला ठिपका लाल झाला की वार्षिक देखभाल कराराची जाहिरात निघते.

उरण तालुक्यातल्या पाण्याची वंशावळ आधी सांगायला हवी, कारण यंत्रांना ती ठाऊक नसते. उरण शहर आणि आसपासच्या बऱ्याच ग्रामपंचायती एमआयडीसीच्या रानसई धरणावर जगतात. सिडकोच्या नव्या वसाहतींना पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणी येतं. पाऊस इथे वर्षाला 2 हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, आणि तरीही एप्रिल उजाडला की रानसईचा तळ आणि वर्तमानपत्रातली पाणीकपातीची बातमी एकदमच दिसू लागतात. धरणातून निघालेलं पाणी शुद्धीकरण केंद्र, मोठी जलवाहिनी, उंचावरची टाकी, चौकातला व्हॉल्व्ह, सोसायटीची जमिनीखालची टाकी, पंप आणि गच्चीवरची टाकी एवढे मुक्काम करत नळापर्यंत येतं. या सगळ्या प्रवासात इंटरनेट जोडलं गेलं आहे ते शेवटच्या दोन फुटांना. आजार पेणला असतो, थर्मामीटर उलव्यात.

याचं सगळ्यात प्रामाणिक उदाहरण म्हणजे कपडे धुण्याचं यंत्र. एका नामांकित बनावटीच्या यंत्रांत पाणी आत येत नसलं की पडद्यावर ‘आयई’ ही अक्षरं उमटतात. पाणी बाहेर जात नसलं की ‘ओई’. कपडे एका बाजूला गोळा झाले की ‘यूई’. ही निदानं अचूक असतात, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. प्रश्न एवढाच, की ‘आयई’ हे निदान या पट्ट्यात बहुतेक सोसायट्यांना यंत्राच्या आधी दोन दिवस कळलेलं असतं. ग्रुपवर ‘उद्या 24 तास शटडाऊन, नंतर कमी दाबाने पुरवठा’ असा संदेश फिरलेला असतो, दुधाचं पातेलं सोडून घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवलेलं असतं, बाथरूममधल्या पिंपावर पाट आणि पाटावर वजन ठेवलेलं असतं. अशा घरात फक्त यंत्रालाच धक्का बसतो.

एलजी कंपनीने 2010 च्या सुमारास यावर एक मोठी गमतीदार युक्ती आणली. यंत्राचं एक बटण तीन सेकंद दाबून धरायचं, फोन कंपनीच्या केंद्राला लावायचा आणि त्याचं तोंड यंत्राला टेकवायचं. यंत्र मग जुन्या फॅक्ससारखी किर्र, चिर्र, टूंऽऽ अशी गाणी गातं. पलीकडचा संगणक ती ऐकतो आणि बिघाड ओळखतो. वायफाय नको, ॲप नको. कल्पना खरोखरच हुशारीची होती. फक्त तीत यंत्र आणि संगणक यांच्यामध्ये एक माणूस असायचा, आणि मौज तिथे सुरू व्हायची. कल्पना करा, द्रोणागिरीतल्या एका काकू वॉशिंग मशीनला फोन टेकवून अर्ध्या वाकलेल्या आहेत, आणि सासूबाई दारातून विचारताहेत, “कोणाशी बोलत्येस गं?”

“मशीन बोलतंय, आई. मी नाही.”

पलीकडून संगणकाचं निदान येतं. मग केंद्रातली मुलगी ते माणसांच्या भाषेत आणते.

“मॅडम, मशीनमध्ये पाणी येत नाहीये. नळ चालू आहे का?”

“नळ चालू आहे. पाणी बंद आहे.”

“मॅडम, आपल्याकडे पाण्याचा दाब किती आहे?”

“दाबच आणायचा प्रयत्न चालू आहे. मोर्चा सोमवारी आहे.”

हा संवाद ‘ग्राहक समाधानी’ या रकान्यात जमा होतो, कारण यंत्रात दोष सापडलेला नसतो.

शुद्धीकरण यंत्राची गोष्ट याहून रंगतदार आहे. त्याच्या ॲपवर ठळक अक्षरांत एक आकडा झळकतो: टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. भारतीय मानक 10500 नुसार एका लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. दुसरं पाणीच मिळत नसेल तर 2 हजारांपर्यंत सवलत आहे. सह्याद्रीच्या पावसाने भरलेल्या धरणांचं पाणी मुळातच मऊ असतं, त्यात क्षार कमी. या यंत्रातलं आरओचं, म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिसचं, तंत्र सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी 1960 च्या आसपास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात बसवलं, ते समुद्राचं पाणी पिण्याजोगं करण्यासाठी. न्हावा शेव्याच्या परिसरातल्या बऱ्याच खिडक्यांतून समुद्र किंवा खाडी दिसते. पण आरओ त्या पाण्याला लावलेला नसतो. तो लावलेला असतो पावसाच्या पाण्याला. मे 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सरकारला सांगितलं, की जिथे टीडीएस 500 च्या खाली आहे तिथे आरओ वापरायला बंदी घाला, आणि जिथे वापराल तिथे किमान 60 टक्के पाणी हाती लागेल अशी यंत्रं वापरा. लवादाला ही अट घालावी लागली यावरूनच मोरीत किती पाणी जात होतं याचा अंदाज येतो.

मग ही यंत्रं घराघरांत आली कशी? त्यामागे एक जुना चमत्कार आहे. विक्रेता दोन ग्लास घेतो, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडतो आणि वीज लावतो. नळाचं पाणी मिनिटभरात तांबूस, गढूळ, बघवत नाही असं होतं. आरओचं जसंच्या तसं. घरातली मंडळी हादरतात. हा गाळ पाण्यातला नसतो, कांडीच्या लोखंडातला असतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते आणि कांडी झिजून गंज सुटतो. आरओच्या पाण्यात क्षारच नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून कांडी शाबूत राहते. शाळेतल्या प्रयोगवहीतला हा प्रयोग. त्याला शाळेत दहापैकी सात गुण मिळत, इथे पंधरा हजारांची ऑर्डर मिळते.

ॲपमधला टीडीएसचा आकडाही याच विजेच्या वाहण्यावरून काढलेला असतो. त्यामुळे तो क्षार सांगतो आणि गप्प बसतो. जंतू असले तरी त्याला कळत नाहीत, कीटकनाशक असलं तरी नाही. गटाराच्या शेजारून जाणाऱ्या नळाला भोक पडलं आणि पाण्यात कावीळ आली, तरी ॲप हिरवा अंगठा दाखवून ‘उत्तम’ म्हणू शकतं. तरी या आकड्याचा उरणच्या बाजूला एक उपयोग झाला आहे, तो यंत्र बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आला नसेल. उन्हाळ्यात टँकर मागवले की टँकरवाला शपथेवर सांगतो, पाणी धरणाचंच आहे. खाडीकाठच्या बोअरचं पाणी खारट असतं. टँकर रिकामा झाल्यावर अर्ध्या तासात सोसायटीतल्या सगळ्या ॲपवर टीडीएस 90 वरून 900 वर गेला, तर धरण कोणतं होतं हे ग्रुपवर विचारावं लागत नाही.

टँकरचीच गोष्ट निघाली तर बंदराकडे पुन्हा एकदा बघायला हरकत नाही. न्हावा शेव्याहून देशात जाणाऱ्या कंटेनरवर 2016 पासून एक छोटी रेडिओ चिप चिकटवली जाते. टोलनाका ओलांडला, अंतर्देशीय डेपोत शिरला, की त्याची नोंद होते. नंबर टाकला की आपला डबा कुठे आहे ते घरबसल्या कळतं. जपानच्या एनईसी कंपनीच्या भागीदारीतला हा प्रकल्प सुरूच इथून झाला. म्हणजे जपानी कंपनीच्या मदतीने दिल्लीकडे निघालेला डबा सापडतो. सोसायटीने मागवलेला टँकर मात्र फक्त टँकरवाल्याच्या सांगण्यावर चालतो. तो विचारेल तेव्हा करळ फाट्यावर असतो. दोन तासांनी विचारलं तरी करळ फाट्यावर असतो.

आता गच्चीवर चला. इथे सोसायटीच्या सेक्रेटरींनी टाकीच्या झाकणात अल्ट्रासाऊंडचा सेन्सर बसवला आहे. तो वरून आवाज सोडतो, पाण्यावर आपटून परत आलेला आवाज ऐकतो, आणि पाणी किती खाली आहे ते सांगतो. पण स्वस्तातल्या अशा सेन्सरना साधारण वीतभर अंतराच्या आतलं काही दिसत नाही. त्यामुळे टाकी काठोकाठ भरत आली, म्हणजे नेमकी ज्या क्षणासाठी त्याला पैसे मोजले तो क्षण आला, की सेन्सर आंधळा होतो. शिवाय टाकीच्या आत वाफ धरते, झाकणाखाली थेंब जमतात, आणि सेन्सर त्या थेंबांनाच पाणी समजतो. मग सेक्रेटरींच्या मोबाइलवर ‘टाकी 100 टक्के’ असं येतं आणि सातव्या मजल्यावरून साबण लावलेला माणूस ओरडतो. शेजारीच समुद्र असल्याने हवेत मीठ आहे; तांब्याच्या तारांची टोकं पावसाळ्यात हिरवी होतात आणि मग सेन्सर काहीच्या काही सांगू लागतो. तो निवृत्त झाला की शंभर-दीडशे रुपयांचा फ्लोट पुन्हा कामावर रुजू होतो. फ्लोट पाण्याबरोबर वर येतो, पंप बंद करतो आणि कुणालाही संदेश पाठवत नाही.

वायफायचा मान ठेवायला हवा, म्हणून तोही भाग सांगायला हवा. घरगुती उपकरणांपैकी पुष्कळांना 2.4 गिगाहर्ट्झचंच वायफाय चालतं. नवा महागडा राउटर 5 गिगाहर्ट्झवर धावत असतो. मग घरातला मुलगा फिल्टरसाठी वेगळं, हळू वायफाय काढून देतो. फिल्टर आणि फोन एकाच खोलीत, चार फुटांवर असतात. पण ‘फिल्टर बदला’ हा निरोप त्या फिल्टरपासून राउटरला, तिथून कुठल्याशा शहरातल्या सर्व्हरला आणि सर्व्हरकडून परत त्या चार फुटांवरच्या फोनला येतो. त्याच खोलीत बसलेले आजोबा एव्हाना घोट घेऊन म्हणालेले असतात, “आज पाण्याला चव वेगळी लागत्ये.” त्यांचं निदान सर्व्हरच्या आधी आलेलं असतं, पण ते ॲपवर नसल्यामुळे कुणी मनावर घेत नाही.

पाणी लांबून ओळखायची विद्या आपल्याकडे नवी नाही. मुंबई महापालिकेचे गळती शोधणारे कर्मचारी रात्री वाहतूक थांबल्यावर रस्त्यात लोखंडी सळई रोवतात आणि तिच्या वरच्या टोकाला कान लावतात. खाली कुठल्या जोडाला पाणी फुटलं आहे ते त्यांना आवाजावरून उमगतं. उरणच्या बाजूला ही विद्या चौकातल्या व्हॉल्व्हमनकडे असते. त्याला चावी किती फेरे फिरवल्यावर कोणत्या गल्लीत कुणाच्या घरी भांडण सुरू होईल, हेही ठाऊक असतं. त्याचा ‘पानी सोरलं’ एवढा आवाजी संदेश आला की तीनशे घरांत एकदम हालचाल होते; इतका परिणाम कुठल्याही कंपनीच्या सूचनेला साधलेला नाही.

आणि खुद्द मोबाइलवरून पाण्याचं यंत्र तपासायची गोष्ट म्हणाल तर तीही या महाराष्ट्रात स्मार्ट होमच्या बरीच आधी जन्मली, आणि ती शेतात. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी शेतकऱ्यासाठी ‘नॅनो गणेश’ नावाचं उपकरण बनवलं. आजोबांना विहिरीवरचा पंप लावायला वेळी-अवेळी पायपीट करावी लागते हे बघून त्यांना ही कल्पना सुचली होती. पंपाच्या पेटीत एक मोबाइल जोडायचा. शेतकरी घरून त्याला फोन करतो. शिवारात वीज आहे की नाही ते आवाजाच्या खुणेवरून कळतं, असेल तर बटण दाबून पंप सुरू होतो. 2009 साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत या उपकरणाला पारितोषिक मिळालं. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 1982 च्या सुमारास कोकच्या यंत्राला तारा जोडून बाटल्या आहेत का आणि गार झाल्या का हे बसल्या जागी बघायची सोय केली होती, आणि जोडलेल्या उपकरणांचा इतिहास लिहिताना तिला पहिला मान दिला जातो. तिथे विद्यार्थ्याचा जिना वाचत होता. इथे शेतकऱ्याची रात्रीची, अंधारातली, साप-विंचवाच्या बांधावरची फेरी वाचत होती.

नॅनो गणेश चाललं, कारण ते एकाच प्रश्नाचं उत्तर देतं आणि त्या उत्तरावर शेतकरी लगेच काही करू शकतो. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरनेही क्रम असाच बरोबर लावला. त्यांनी आधी चोवीस तास पाणी देणारी योजना उभी केली, जोड पक्के केले, वापर वाढेल तसा दर वाढेल अशी पट्टी ठरवली, आणि त्याच्या सोबतीने रेडिओ लहरींवर आकडा सांगणारे मीटर बसवले. तिथल्या मीटरला सांगण्यासारखं काही होतं, कारण त्याच्यातून पाणी वाहत होतं. कोरड्या नळावर बसवलेला मीटर कितीही हुशार असला तरी तो हवाच मोजणार. नळाला पाणी यायच्या आधी जी जोरात फुसफुस होते, तिनेही काही मीटरांचे काटे फिरतात, हे मीटरवाल्या सोसायट्या जाणून आहेत.

जोडलेल्या यंत्रांचं खरं दुखणं काय असतं याचा अनुभव तर न्हावा शेव्याने जगाबरोबर घेतला आहे. 27 जून 2017 ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू सुटला आणि काही तासांत मर्स्कच्या जगभरातल्या संगणकांत शिरला. याच समूहाचं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल न्हावा शेव्यात आहे. कोणता डबा कुठल्या रांगेत, कुणाच्या खाली, कुणाच्या वर आहे हे ठाऊक असलेला संगणक मुका झाला आणि टर्मिनलचं काम अडलं. काम हाताने करायची पाळी आली, आणि ज्यांना वही-पेन्सिलीचा काळ आठवत होता त्यांचा भाव वधारला. मर्स्कने पुढे दहा दिवसांत 4 हजार सर्व्हर आणि 45 हजार संगणक नव्याने उभे केले. नुकसान 20 ते 30 कोटी डॉलरच्या घरात गेलं.

या सगळ्या पडझडीत एक मुख्य सर्व्हर तेवढा सहीसलामत वाचला. तो होता आफ्रिकेत घानाला. का वाचला? त्याला कुठलं भारी संरक्षण नव्हतं. हल्ला झाला तेव्हा तिथली वीज गेली होती. जागतिक व्यापाराची लाज लोडशेडिंगने राखली, हे उरण तालुक्यातल्या कुठल्याही माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. पुढची गंमत अशी, की घानाहून तो सगळा डेटा इंटरनेटवरून पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते. आणि डिस्क घेऊन निघणाऱ्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून तो नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती डिस्क दिली आणि दुसरा ती घेऊन इंग्लंडला पोचला. तेव्हाची जगातली सर्वांत मोठी कंटेनर-जहाजकंपनी एसटीच्या कंडक्टरकडे डबा देतात तशी माहिती हातोहात पोचवत होती.

पाण्याच्या यंत्रांनाही हा धोका आहेच. नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ॲलिक्विपा गावच्या पाणीपुरवठा मंडळाच्या एका पंपिंग केंद्राचा कंट्रोलर परक्या टोळीने ताब्यात घेतला. कर्मचाऱ्यांनी तो बंद करून पंप हाताने चालवले, म्हणून गावाला पाणी मिळत राहिलं. त्यानंतर तिथल्या सरकारी सुरक्षा यंत्रणेला जाहीर विनंती करावी लागली, की या बनावटीच्या कंट्रोलरचा कारखान्यातून येणारा पासवर्ड 1111 असतो, तो कृपया बदला. उलव्यातल्या सोसायटीच्या पंपाचा पासवर्ड काय असतो हे इथे छापणं योग्य होणार नाही. तो इमारतीच्या नावापुढे 123 लावून होतो एवढं सांगितलं तरी पुरे.

भाड्याच्या शुद्धीकरण यंत्रांनी आणखी एक पान उलटलं आहे. यंत्र विकत न घेता महिन्याच्या भाड्याने घ्यायचं, आणि कंपनी लांबूनच त्यावर नजर ठेवणार. किती लिटर प्यायलात, फिल्टर किती झिजला, सगळं तिला दिसतं. पुण्या-बंगळुरूच्या भाडेकरू पोरापोरींना ही सोय मानवली, आणि त्यात खोट काही नाही. सतत घर बदलणाऱ्याने भिंतीला भोकं पाडत का फिरावं? पण जे यंत्र लांबून तपासता येतं ते लांबून बंदही करता येतं. रिचार्ज संपला की पाणी थांबू शकतं. मग रात्री अकरा वाजता, टाकीत पाणी असताना, पाहुणे बसलेले असताना, घरधनी ओटीपी येण्याची वाट बघत तहानलेला उभा राहतो. कोपऱ्यात आईने ‘असू दे’ म्हणून ठेवलेला माठ असतो. त्याला ओटीपी लागत नाही.

म्हणून जोडलेली यंत्रं घेऊच नयेत असं मुळीच नाही. बूस्टर पंप कोरडा फिरतोय, मेम्ब्रेन चोंदलंय, गीझरची कॉइल क्षारांनी धरलीय, हे घरच्या घरी कळलं तर चांगलंच; पूर्वी हेच सांगायला तंत्रज्ञ येऊन साडेचारशे रुपये घेई आणि ‘बोर्ड गेला असेल’ म्हणून निघून जाई. पण घ्यायच्या आधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. नेट नसताना हे यंत्र पाणी देतं का? लाल दिवा लागल्यावर उरणला कोण येणार, किती दिवसांत येणार आणि सुटा भाग कुठून आणणार? आणि हा पडद्यावरचा आकडा क्षारांचा आहे की जंतूंचा? एक काम मात्र यंत्राशिवायही करण्यासारखं आहे: सोसायटीत पाणी आत येतं त्या नळावर काही शे रुपयांचा साधा दाबमापक बसवा, रोज ठरलेल्या वेळी त्याचा आकडा वहीत लिहा आणि महिन्याच्या शेवटी ती पानं पाणी देणाऱ्या कार्यालयात पोच घेऊन द्या. ‘पाणी कमी येतं’ या तक्रारीला उत्तर देणं सोपं असतं. तीस दिवसांच्या तीस आकड्यांना देणं तितकं सोपं नसतं. आणि वरच्या तिन्ही प्रश्नांना दुकानदार हसून ‘ॲपमध्ये सगळं आहे’ एवढंच म्हणाला, तर पुढच्या दुकानात जा.